परतीची वाट : दूरच्या टेलिफोन-सर्व्हरच्या देखभालीविषयी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या उमेदवाराला त्या काळी सर्वांत आधी भेटे तो तेथला आवाज. स्ट्रोजर पद्धतीच्या यंत्रांच्या छतापर्यंत गेलेल्या रांगा, त्यांतून क्षणोक्षणी वर चढणारे आणि मग आडवे वळणारे सिलेक्टर, आणि गावात कोठेतरी कोणीतरी डायल फिरवीत आहे याची ग्वाही देणारी ती अखंड खडखड. सकाळी अकराच्या सुमारास ती पत्र्यावर कोसळणाऱ्या वळवाच्या सरीसारखी दाट होई आणि रात्री दोनला इतकी विरळ, की एकेक कॉल मोजता यावा. आमच्या खात्यातील जुने मेकॅनिक या आवाजावरूनच यंत्राची प्रकृती ओळखीत. बोलता बोलता मध्येच थांबून, मान किंचित कलती करून, “तिसऱ्या रांगेत काहीतरी अडकलंय,” असे ते पुटपुटत, आणि विजेरी घेऊन तेथे गेले म्हणजे बहुधा काहीतरी अडकलेलेच असे.

आज ज्या यंत्राची देखभाल करण्याविषयी मी ही लहानशी पुस्तिका लिहिली आहे, त्याला पंख्याच्या घरघरीखेरीज आवाज नाही. एखाद्या सहकारी बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, जुनी रजिस्टरे आणि मोडक्या खुर्च्या यांच्या शेजारी, एका लोखंडी कपाटात तो सर्व्हर निमूटपणे उभा असतो. दोनशे-तीनशे एक्स्टेन्शने त्याच्या आधाराने बोलत असतात. आणि त्याचा सांभाळ करणारा इसम शंभर कोसांवरच्या आपल्या घरी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. देखभाल या शब्दाच्या आरंभीच देखणे आहे; पण ज्याला यंत्र दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताला त्याची धग लागत नाही, अशा माणसाकडे ही देखभाल आज सोपवलेली आहे. इंद्रियांच्या या गैरहजेरीची भरपाई कशाने करावयाची, हा या पुस्तिकेचा एकमेव प्रश्न होय. आणि पुढील प्रकरणांत हुकूम, पोर्ट आणि फायली यांचा जो तपशील आला आहे, तो सर्व या एका प्रश्नाच्या पोटात सामावणारा आहे.

टेलिफोनच्या व्यवहारातून मनुष्याला बाजूला सारण्याची खटपट फार जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा ऑल्मन स्ट्रोजर हा अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक. एक्स्चेंजमधील ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा संशय त्याच्या मनात बळावला आणि त्या संशयातून स्वयंचलित एक्स्चेंज जन्माला आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी त्याला १८९१ साली पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना संस्थानातील ला पोर्त येथे त्याच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले, हे निर्विवाद आहे. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत १८८२ साली टेलिफोन आला. पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसले. आणि ट्रंक बुक करून तासन्‌तास तिष्ठत न बसता परगावी थेट डायल करण्याची सोय १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. या प्रत्येक पायरीवर ऑपरेटर एकेक पाऊल मागे सरकली. परंतु मेकॅनिक मात्र यंत्राजवळच राहिला. त्याला खोलीबाहेर काढले ते पुढल्या पिढीने. खासगी एक्स्चेंजे संगणकाच्या जातीची झाली, त्यांच्या देखभालीच्या पोर्टला मोडेम जोडला जाऊ लागला, आणि कारखान्यातला तंत्रज्ञ आपल्या खुर्चीवरून टेलिफोनच्याच तारेने टेलिफोनच्या यंत्रात शिरू लागला. त्या मोडेमचा नंबर आणि कारखान्यातून आलेला, कोणीही कधी न बदललेला पासवर्ड यांच्या जोरावर भलतेच लोकही शिरू लागले. तेव्हा कॉल करणाऱ्याचा फोन तोडून, दप्तरी नोंदलेल्या नंबरावर यंत्रानेच उलट फोन करावा, अशी तोड निघाली. आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवून, त्याच्या घरी माणूस धाडून खात्री करण्याचाच हा प्रकार होता. आणि आजच्या सर्व उपायांचे बीज त्यात आहे.

प्रस्तुत पुस्तिका ॲस्टेरिस्क या प्रणालीवर बेतलेली आहे. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन तरुणाला, आपल्या नुकत्याच काढलेल्या लहानशा कंपनीसाठी खासगी एक्स्चेंज विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने ते साध्या संगणकावर स्वतःच लिहून काढले आणि सर्वांना मुक्तपणे वापरावयास देऊन टाकले. युनिक्सच्या परिभाषेत तारकाचिन्हाचा अर्थ ‘काहीही, सर्व काही’ असा होतो, त्यावरून हे नाव पडले. आज लहानमोठ्या असंख्य संस्थांची एक्स्चेंजे या प्रणालीवर चालतात, आणि ज्यांच्या पेटीवर दुसरेच नाव रंगवलेले असते त्यांतील कित्येकांच्या पोटातही तीच असते.

अशा सर्व्हरकडे जाण्याचा राजमार्ग म्हणजे एसएसएच. त्यापूर्वी टेलनेट वापरीत. आणि टेलनेटचा व्यवहार पोस्टकार्डासारखा उघडा असे, पासवर्डसुद्धा वाटेवरच्या कोणासही वाचता येई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी पाळत ठेवून पासवर्ड चोरले, तेव्हा तेथील संशोधक टाटू युलोनेन याने त्याच वर्षी हा नवा मार्ग तयार केला. टेलनेटचा पोर्ट २३ आणि फायलींची ने-आण करणाऱ्या एफटीपीचा २१. या दोहोंची जागा आपली प्रणाली घेणार म्हणून मधला रिकामा २२ आपणास मिळावा, असा अर्ज त्याने केला आणि तो विनासायास मंजूर झाला. या मार्गाने नव्या सर्व्हरवर प्रथम जाताना पडद्यावर एक विचारणा होते : या यंत्राची ओळख पटलेली नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे, पुढे जावयाचे काय? शंभरांतले नव्याण्णव तंत्रज्ञ ती विचारणा न वाचताच ‘यस’ असे टंकतात. वस्तुतः, आपण ज्याच्या घरी निघालो आहोत तेच हे घर आहे काय, याची रुजुवात करण्याचा तो पहिला आणि अत्यंत मोलाचा क्षण असतो. सर्व्हर बसवतानाच तो ठसा कागदावर उतरवून ठेवलेला असेल, तर दोन्ही ताडून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. सर्व्हरनेही आपल्याला ओळखावयाचे असते. त्यासाठी पासवर्डपेक्षा किल्ल्यांची जोडी बरी : एक किल्ली सर्व्हरवर ठेवावी, ती कोणी पाहिली तरी हरकत नाही, दुसरी आपल्यापाशी, सांकेतिक वाक्याच्या कुलपात, आणि ती बापासही देऊ नये.

आत गेल्यावर चालू असलेल्या ॲस्टेरिस्कशी बोलण्याचा स्वतंत्र दरवाजा आहे, आणि तेथे प्रथम द्यावयाचा हुकूम म्हणजे ‘कोअर शो चॅनल्स’. त्याच्या उत्तरात एखाद्या निवांत दुपारी एवढेच येते : दोन चॅनल चालू, एक कॉल चालू. या रुक्ष ओळीपुढे मी नवशिक्यांना नेहमी थोडा वेळ थांबावयास सांगतो. दोन चॅनल म्हणजे बोलणारी दोन माणसे, एक कॉल म्हणजे त्यांच्यामधला धागा. एखादी मुलगी आईच्या तपासणीचा निकाल विचारीत असेल, किंवा एखादा शेतकरी कर्जाच्या हप्त्याची मुदत. ते आपणास ठाऊक नाही, आणि ठाऊक होण्याचे कारणही नाही. परंतु आपण पुढे जो हुकूम देणार तो त्यांच्या बोलण्याच्या मध्यावर येऊन पडणार आहे, एवढे मात्र निश्चित. अन्य सर्व्हर क्षणभर बंद पडला तर वाचणारा पान पुन्हा उघडतो. येथे तुटते ते वाक्य असते.

या प्रणालीच्या कर्त्यांनी ही गोष्ट ओळखली होती, असे तिच्या हुकुमांवरून दिसते. रीस्टार्ट करण्याचे तीन हुकूम आहेत. ‘नाऊ’ म्हटले, की चालू असलेली सर्व संभाषणे जागच्या जागी तुटतात. ‘ग्रेसफुली’ म्हटले, की नवा कॉल घेतला जात नाही, पण चाललेले बोलणे आपापल्या सवडीने संपू दिले जाते आणि मग यंत्र फिरून सुरू होते. दुकानदाराने अर्धी फळी लावून आतल्या गिऱ्हाइकाचा हिशेब शांतपणे पुरा करावा, तसे. तिसरा ‘व्हेन कन्व्हीनियंट’ : यात नवे कॉलही घेतले जातात, आणि ज्या क्षणी एकही कॉल उरत नाही तो क्षण यंत्र स्वतःच हेरते, मात्र वर्दळीच्या जागी असा क्षण मध्यरात्रीपर्यंतही उगवत नाही, हे ध्यानी ठेवावे. तीन शब्दांत सौजन्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि दूर बसलेल्या माणसाच्या हाती यांपैकी कोणती निवडावी एवढाच अधिकार उरलेला आहे. रात्रीचे काम वेळ नेमून यंत्रावर सोपवावयाचे असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पुष्कळ सर्व्हरांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते; तेथे रात्री दोनची नेमलेली वेळ म्हणजे आपल्याकडील सकाळचे साडेसात, आणि रुग्णालयात साडेसातला केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते.

आवाज वाहून नेण्याची रीतही समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या येण्याजाण्याची वाट आणि लोकांच्या बोलण्याची वाट बहुधा एकच असते. मनुष्याचा स्वर सेकंदास ८००० वेळा मोजला जातो. वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून, दर सेकंदास पन्नास तुकडे या बाजूने आणि पन्नास त्या बाजूने, असे ते जाळ्यावर सोडले जातात. हरवलेला तुकडा मागाहून आणता येत नाही, कारण तोवर त्याची वेळ निघून गेलेली असते. दिवसाढवळ्या बॅकअपची मोठी फाईल त्याच लाईनवरून आपल्याकडे ओढणारा तंत्रज्ञ लोकांच्या बोलण्याला भोके पाडीत असतो, आणि तासाभराने ‘आवाज तुटतो’ अशी तक्रार आली की तिचा शोध घेण्यास पुन्हा तोच बसतो. घंटी वाजवणारा संदेश आणि प्रत्यक्ष स्वर हे वेगवेगळ्या पोर्टांवरून प्रवास करतात, त्यामुळे घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकालाच ऐकू येते, असा चमत्कारही वारंवार घडतो; त्याची कारणमीमांसा चौथ्या प्रकरणात विस्ताराने केली आहे.

आता एक कैफियत. तिच्यातला अपराधी मीच आहे. एका रात्री पावणेबाराच्या सुमारास, पुण्यात माझ्या घरी बसून, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एका रुग्णालयाच्या सर्व्हरवरील फायरवॉलचे नियम मी नव्याने लिहीत होतो. ज्याला परवानगी दिलेली नाही ते सर्व नाकारावे, हे तेथले मूळ धोरण; आणि परवानग्यांची जुनी यादी फार विस्कळीत झाली होती, म्हणून ती सबंध पुसून स्वच्छ पाटीवर लिहावी, असा मनसुबा करून मी पुसण्याचा हुकूम दिला. कर्सर लुकलुकत राहिला. परंतु पुढचे अक्षर दाबले ते उमटेना. पुसलेल्या परवानग्यांत मला आत घेणारी परवानगीही होती. आणि वॉर्डांतील फोनांना सर्व्हरशी बोलू देणारीही होती. म्हणजे मी नुसता स्वतःला बाहेर कोंडून बसलो नव्हतो, तर अतिदक्षता विभागापासून रक्तपेढीपर्यंत सारे फोन मुके करून बसलो होतो. रुग्णालयात फोन करावा म्हणून मी मोबाईल उचलला, आणि तेव्हा ध्यानात आले की माझ्यापाशी असलेला तेथला एकुलता एक नंबर त्याच सर्व्हरवर येऊन पोचतो.

ओळखीपाळखीने, दोन माणसांच्या झोपा मोडून, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा मोबाईल नंबर मिळाला. खोलीची किल्ली शोधण्यात आणखी वीस मिनिटे गेली. मग तो म्हणाला, “सायेब, काळ्या पेट्या तीन हायेत. कंची?”

“जिच्यावर हिरवा दिवा आहे ती.”

“तिन्हीवर हाय.”

“मामा, जिच्यामागं निळ्या वायरी सगळ्यात जास्त आहेत ती बघा. पुढच्या बाजूला बटण आहे, ते दिवा जाईपर्यंत दाबून धरा. मग पाच मोजा, आणि पुन्हा एकदा दाबा.”

पलीकडे थोडा वेळ काहीच बोलणे नव्हते. “दाबतो,” तो म्हणाला, “पर उद्या मला कोन बोलनार न्हाई न्हवं?”

कोणी बोलणार नाही, असे मी सांगितले, आणि बोलणी खाण्यास सकाळी स्वतः जाऊन उभा राहिलो. पुसलेली यादी यंत्राच्या चालू स्मृतीतूनच गेली होती. डिस्कवरची जतन केलेली प्रत शाबूत होती, म्हणून यंत्र फिरून सुरू होताच सारे पूर्ववत झाले. मधला एक तास दहा मिनिटांचा काळ मात्र कोणत्याही हुकुमाने परत आणता येण्यासारखा नव्हता. त्या रात्री वॉर्डबॉयने चिठ्ठ्या घेऊन जिने चढ-उतार केले, आणि सुदैवाने तेवढ्यावर निभावले.

या प्रसंगानंतर मी स्वतःस जो नियम घालून घेतला तो या पुस्तिकेचा कणा आहे : आधी परतीची वाट, मग पाऊल. फायरवॉलला हात लावण्यापूर्वी यंत्रालाच असे बजावून ठेवता येते, की पाच मिनिटांनी जुनी यादी आपणहून पूर्ववत कर. मग बदल करावा. चालू जोडणीवर विसंबून न राहता दुसरी, नवी जोडणी करून पाहावी. ती मिळाली तरच ते बजावणे रद्द करावे. आपण बाहेर कोंडले गेलो तर काही न करता पाच मिनिटे स्वस्थ बसावे; यंत्र स्वतःच दार उघडते. कोणतीही फाईल बदलण्यापूर्वी तिची तारीख घातलेली प्रत ठेवावी. लांबणारे काम ‘स्क्रीन’सारख्या साधनात करावे, म्हणजे आपल्या घरची वीज गेल्याने तेथले काम अर्ध्यावर लटकत नाही. आणि काय केले, केव्हा केले, पूर्वी काय होते, हे नोंदवहीत लिहावे. कारण उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल, आणि तोही यंत्राजवळ नसेल.

चोराचिलटांचा बंदोबस्त हे स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे दोनच शब्द. उघड्या जाळ्यावर २२ आणि घंटीच्या संदेशांचा ५०६० हे पोर्ट खुले ठेवलेल्या सर्व्हरवर पहिल्याच दिवसापासून अनोळखी यंत्रे पासवर्डचे अंदाज बांधू लागतात. १०१ या एक्स्टेन्शनचा पासवर्डही १०१ असला, की त्यांचे काम झाले. मग सुट्टीच्या रात्री परदेशांतील महागड्या नंबरांवर अखंड कॉल सुरू होतात आणि बिल येते ते संस्थेच्या नावावर. व्हीपीएनच्या आडूनच प्रवेश, चुकीचे पासवर्ड देणाऱ्यांना आपोआप मज्जाव, आणि गरज नसेल तेथे परदेशी डायलिंग मुळातच बंद, हे तीन उपाय पुष्कळसे काम भागवतात. मात्र दाराशी येणाऱ्या चोरापेक्षा सनदशीर मार्गाने आत गेलेल्या माणसाचा मोह मला अधिक काळजीचा वाटतो. चालू असलेले बोलणे ऐकण्याची सोय या प्रणालीत आहे. आवाजाचा दोष हुडकताना ती क्वचित उपयोगीही पडते. परंतु दुसऱ्याचा संदेश चोरून जाणून घेणे हा १८८५ च्या तार अधिनियमानेच अपराध ठरवला होता, आणि कायदा नसता तरी ते गैरच ठरले असते. जुन्या एक्स्चेंजमध्ये कोणी हेडफोन लावून बसला तर शेजारचा त्याला पाहत असे. आता शेजारी कोणी नाही. म्हणून कसोटीसाठी ऐकावयाचेच झाले तर आपणच एक कॉल लावावा आणि आपलेच बोलणे ऐकावे.

ज्या जुन्या मेकॅनिकांनी मला कान द्यावयास शिकवले त्यांच्यापैकी फार थोडे आज हयात आहेत, आणि त्यांना हे पुस्तक दाखवले असते तर यंत्राला हात न लावता त्याची देखभाल करणारा हा कसला मेकॅनिक, असे ते म्हणाले असते. त्यांच्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. अखेरचा हात कोणाचा तरी तेथे लागतोच, हे मी त्या रात्री शिकलो आहे. यास्तव या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मजकूर छापलेला नाही. तेथे एक रिकामी चौकट आहे. ज्या सर्व्हरची जबाबदारी वाचकाने पत्करली असेल, तो जेथे आहे त्या इमारतीच्या रात्रीच्या पहारेकऱ्याचे नाव, त्याचा मोबाईल नंबर, आणि खोलीची किल्ली कोणत्या खिळ्याला टांगलेली असते, एवढे त्या चौकटीत शाईने लिहावे. आणि मग पान उलटावे.